नागपूर–मुंबई : ६८३ किलोमीटर, सदुसष्ट मिनिटं आणि बाकीचे तीन तास

कोणत्याही अंतर मोजणाऱ्या साइटवर नागपूर आणि मुंबई ही दोन नावं टाका, एका क्षणात उत्तर येतं: हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ पाऊण ते एक तास. हे उत्तर चूक नाही. पण त्याच्या भरवशावर सकाळची बैठक ठरवली की गोची होते. यंदाच्या जानेवारीत माझ्या मावसभावाने नेमकं हेच गणित मांडलं होतं. ते आम्ही टप्प्याटप्प्याने कसं सोडवलं आणि त्या दिवशी प्रत्यक्षात घड्याळ काय म्हणालं, याची ही नोंद.

दादाचा हिंगणा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. मुंबईत बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका कंपनीने मंगळवारी सकाळी साडेअकराला बोलावलं होतं. मोठी ऑर्डर होती, उशीर झाला तर पुन्हा वेळ मिळेलच असं नाही. त्याला रात्री मुंबईत मुक्काम नको होता, कारण बुधवारी सकाळी कारखान्यात दुसरी गडबड होती. थोडक्यात, सकाळी जायचं, काम उरकायचं आणि रात्री घरी. माझं ऑफिसातलं काम लोकांची तिकिटं काढण्याचंच असल्यामुळे घरच्यांचेही असले प्रश्न माझ्याकडेच येतात.

दादाचं म्हणणं सरळ होतं. "आठ पाचचं विमान आहे. पावणेदहाला मुंबई. विमानतळ ते बीकेसी सात-आठ किलोमीटर. साडेदहाला मी तिथं चहा पिऊन राहिलो असेन. पहाटेचं कशाला घ्यायचं बे?" पहाटेचं म्हणजे सहा दहाचं. ते घ्यायचं तर साडेतीनला उठावं लागतं आणि वहिनीलाही उठवावं लागतं.

मी त्याला म्हटलं, दादा, आठ पाचच्या विमानात खोट काही नाही, खोट आहे ती पावणेदहात.

अंतर कुठून कुठे

आधी अंतराचं बघू. ६८३ किलोमीटर म्हणजे नागपूरच्या सोनेगाव आणि मुंबईच्या विमानतळांमधली पृथ्वीच्या गोलाईवरून काढलेली सगळ्यात आखूड रेषा. ही रेषा नकाशावर पाहिली तर वर्ध्याच्या थोडी उत्तरेने जाते, अकोला उजव्या हाताला ठेवते, जवळजवळ छत्रपती संभाजीनगरवरून निघते आणि माळशेज घाटाच्या आसपास कोकणात उतरते. लोणारचं सरोवर या रेषेच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर पडतं. मुंबईकडे जाताना डावीकडची खिडकी मिळाली, उजेड असला आणि हवा स्वच्छ असली तर ती गोल वाटी शोधून पाहण्यासारखी आहे. विमान अर्थात रेषेवरून रुळासारखं धावत नाही. ठरलेले हवाई मार्ग, नियंत्रकाने दिलेली वळणं, उतरायच्या धावपट्टीची दिशा यांनी त्यात भर पडते.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर होतं, कारण गाडी वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड अशी वर चढून इगतपुरीला खाली येते. समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि रस्ता पूर्ण झाला. हवाई रेषेच्या इतका जवळ जाणारा दुसरा जमिनीवरचा मार्ग या दोन शहरांत नाही. पण ताशी १२० ची मर्यादा पाळून, कुठेही न थांबता गेलं तरी ७०१ किलोमीटरला पावणेसहा तासांच्या वर लागतात, आणि आमणेपासून पुढे मुंबईची वाहतूक असतेच. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं तर हा पर्याय विचारातही घेऊ नये. दादाने घेतला होता, वहिनीने एका वाक्यात मोडीत काढला.

नागपूरकरांना आपण देशाच्या मध्यावर आहोत याचा अभिमान असतो, झिरो माइलचा दगड तर शहरातच आहे. पण चार महानगरांपर्यंतची हवाई अंतरं मांडली तर ती सारखी येत नाहीत: मुंबई सुमारे ६८३, दिल्ली ८५४, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५. तरीही ती इतपत जवळपास आहेत की त्यावर एक आख्खी सेवा उभी राहिली होती. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. चारही शहरांतून संध्याकाळनंतर विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. त्यात प्रवासीही बसत. डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास चालायचं. त्या वेगाने मुंबईहून नागपूर अडीच तासांचं आणि कोलकात्याहून साडेतीन तासांचं. म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी सोनेगावला आणायचं तर कोलकात्याने मुंबईच्या तासभर आधी निघायला हवं. अंतर आणि वेळ यांचं गणित या शहरात नवं नाही, एवढंच.

तिकिटावरची दीड तासाची वेळ कसली असते

दादाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ ६.१० आणि पोचण्याची ७.४५ होती. ही ९५ मिनिटं म्हणजे उड्डाण नव्हे. विमान नागपूरच्या उभं राहण्याच्या जागेवरून हलतं तिथपासून मुंबईतल्या जागेवर थांबून चाकांना ठोकळे लागतात तिथपर्यंतचा हा काळ. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. यात दोन्हीकडचं जमिनीवरचं रांगणं येतं, धावपट्टीपाशी रांगेत थांबणं येतं, आणि कंपनीने स्वतःच्या सोयीने घातलेली थोडी पदरची मिनिटंही येतात. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत काम झालं तर ते वक्तशीर मोजलं जातं, त्यामुळे वेळापत्रकात थोडी हवा ठेवण्यात कंपनीचाच फायदा असतो. "आपण आज वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचलो आहोत" ही घोषणा ऐकून लोक खूश होतात. ती दहा मिनिटं आधी आपल्याच तिकिटात घातलेली असतात, हे कोणी सांगत नाही.

आता या ९५ मिनिटांत विमान पूर्ण वेगाने किती वेळ उडतं? दादाचा समज होता की ताशी आठशेने सगळा रस्ता. प्रत्यक्षात एवढ्या अंतरात जेट विमानाला धड वेग पकडायलाही सवड मिळत नाही. चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यात सुमारे दोनशे किलोमीटर सरतात. उतरणीची सुरुवात मुंबईच्या साधारण दोनशे किलोमीटर आधीच होते, म्हणजे संभाजीनगर मागे पडलं की थोड्याच वेळात. दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मधल्या उरलेल्या पावणेतीनशे किलोमीटरमध्येच काय ती सपाट, पूर्ण वेगाची धाव. ती वीस मिनिटांत संपते. चहाची गाडी मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही त्याचं कारण हेच.

दादाला पटवण्यासाठी मी एक साधी तुलना केली. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे ११३८ किलोमीटर आणि तिकिटावरची वेळ साधारण सव्वादोन तास. नागपूरपेक्षा ४५५ किलोमीटर जास्त, पण वेळ फक्त ४० मिनिटं जास्त. याचा अर्थ जास्तीचा प्रत्येक किलोमीटर ताशी ६८० च्या वेगाने पडतो. त्याच वेगाने नागपूरचे ६८३ किलोमीटर तासाभरात व्हायला हवेत. मग ९५ मधली उरलेली ३५ मिनिटं कशाची? ती अंतराची नाहीतच. ती हलणं, रांगणं, रांग, वळणं आणि पदरची मिनिटं यांची, आणि नागपूर असो वा दिल्ली, ती द्यावीच लागतात. हाच हिशेब मुंबई ते गोव्यातलं दाबोळी या सव्वाचारशे किलोमीटरला लावला तर सत्तर-बहात्तर मिनिटं येतात, आणि वेळापत्रकही साधारण तेवढंच दाखवतं. अंतर जितकं कमी, तितका हा ठरीव भाग जास्त बोचतो.

आणखी एक गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या हवेत पश्चिमेचे वारे जोरात असतात. नागपूरहून मुंबईला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. वारा ताशी शंभर किलोमीटर धरला आणि तो पूर्ण रस्ता लागला असं मानलं, तर ताशी ८०० च्या विमानाला जाताना ५९ मिनिटं आणि येताना ४६ मिनिटं लागतील. प्रत्यक्षात तो वारा फक्त उंचावर लागतो, म्हणून फरक त्याहून बराच कमी. पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात आणि हिशेब उलटतो.

मुंबईची धावपट्टी

खरा गुंता इथे आहे. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. त्या एका पट्टीवर दिवसाला हजाराच्या घरात विमानं चढतात-उतरतात. गर्दी इतकी वाढली की फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या तासांतल्या फेऱ्या ताशी ४६ वरून ४४ वर आणि एरवीच्या ४४ वरून ४२ वर आणायला लावल्या. मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालत आहेत, हे तेव्हा मंत्रालयानेच सांगितलं होतं. गर्दीचे तास म्हणजे सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा.

आता दादाची दोन विमानं या चौकटीत बसवा. पहिलं पावणेआठला पोचतं, गर्दी सुरू व्हायच्या आधी. दुसरं पोचतं नऊ चाळीसला, गर्दीच्या ऐन मध्यावर. घिरटी म्हणजे आकाशात लांबट वर्तुळ: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. चार मिनिटांचा एक फेरा. असे पाच फेरे झाले की वीस मिनिटं गेली, आणि वैमानिक फक्त "मुंबईत हवाई गर्दीमुळे" एवढंच सांगतो.

दुसरं कारण विमानाच्या दिनक्रमाचं. सहा दहाचं विमान आदल्या रात्री नागपुरातच मुक्कामाला असतं. त्याला उशीर व्हायचा तर धुकं, बिघाड किंवा कर्मचारी एवढीच कारणं. आठ पाचचं विमान त्या दिवशी सकाळी दुसरीकडून नागपुरात येणार होतं. जानेवारीत ते उत्तरेकडून येत असलं तर तिकडच्या धुक्याचा उशीर आपल्या दारात आणून टाकतं. नागपुरात कडक ऊन पडलेलं असतं आणि प्रवासी विचारतात, धुकं कुठंय?

मी रेल्वेचाही पर्याय पुढे केला होता. नागपूर–मुंबई दुरांतो रात्री पावणेनऊच्या सुमारास निघते आणि सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला टेकते. विमानाच्या तिप्पट वेळ, पण झोपेत जाणारा. सीएसएमटीहून बीकेसीला आता भुयारी मेट्रो आहे. साडेअकराच्या बैठकीला याहून भरवशाचा मार्ग नाही, असं माझं अजूनही मत आहे. पण तारीख जवळ आलेली आणि यादी वेटिंगची. तो विषय तिथेच थांबला.

मुंबई म्हणून कुठलीही मुंबई घेऊ नको, हेही सांगावं लागलं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली आहेत, आणि तिकीट शोधताना दोन्ही विमानतळ एकाच यादीत दिसतात. नागपूरहून नवी मुंबईचं हवाई अंतर पंधरा-सोळा किलोमीटरने कमीच आहे. पण तिथे, म्हणजे उलव्याला, उतरून बीकेसीला सकाळच्या गर्दीत पोचायचं म्हणजे आकाशात वाचलेल्या दीड मिनिटासाठी रस्त्यावर एक-दीड तास मोजायचा. पनवेलला काम असेल त्याच्यासाठी हाच विमानतळ सोन्यासारखा.

दादा कुरकुरत का होईना, पहाटेच्या विमानाला तयार झाला. मी एकच अट घातली: प्रत्येक टप्प्याला मला वेळ टाकायची. तो कारखान्यातला माणूस, मोजमाप म्हटलं की त्याला हुरूप येतो. त्याने इमानेइतबारे टाकली.

मंगळवार

४.३५ ला त्रिमूर्तीनगरच्या घरून निघाला. ४.५२ ला टर्मिनलच्या दारात. सामान एक पाठीवरची बॅग, त्यात कागद आणि दोन नमुन्याचे सुटे भाग. ते भाग सुरक्षा तपासणीत काढून दाखवावे लागले, तरी ५.१५ ला तो आत गेटपाशी बसलेला. दरवाजे बंद होऊन विमान मागे ढकललं गेलं ६.१२ ला. चाकं उचलली ६.२२ ला, अजून अंधारच होता. मुंबईच्या जमिनीला चाकं लागली ७.२९ ला. जागेवर थांबलं ७.४१ ला.

हवेत ६७ मिनिटं. जागेवरून जागेवर ८९, म्हणजे तिकिटापेक्षा सहा कमी. सरळ रेषेचे ६८३ किलोमीटर ६७ मिनिटांत, म्हणजे हवेतला सरासरी वेग ताशी ६१० च्या आसपास. दादाने धरलेल्या आठशेच्या पाऊणपट.

पूर्वेकडून येणाऱ्याला एक फायदा मिळाला. त्या सकाळी विमानं घाटकोपरच्या बाजूने, पश्चिमेकडे तोंड करून उतरत होती. नागपूरहून येणारं विमान तसंही पश्चिमेकडेच तोंड करून येतं, त्यामुळे मोठा वळसा पडला नाही. उलट दिशेने उतरायचं असतं तर समुद्रावर जाऊन वळून यावं लागलं असतं.

चेक-इन बॅग नसल्यामुळे ७.५७ ला तो टी-२ टर्मिनलच्या बाहेर. टॅक्सी नको, भुयारी मेट्रो पकड असं बजावलं होतं. सरकते जिने, तिकिटाचं यंत्र, फलाट यात तेरा मिनिटं गेली. बीकेसी स्टेशनच्या बाहेर आला ८.३० ला.

घर ते बीकेसी ३ तास ५५ मिनिटं. त्यातली हवेतली ६७, म्हणजे जेमतेम २८ टक्के. उरलेल्या वेळात तो पृथ्वीवरच होता: रस्त्यावर, रांगेत, खुर्चीत, जिन्यावर. अंतर मोजणाऱ्या साइटचं उत्तर या २८ टक्क्यांपुरतंच खरं.

साडेअकराला अजून तीन तास. त्याने फोन केला. "आता मी काय करू? इथं तर ऑफिसं पण उघडली नाही." मी म्हटलं इडली खा. तो म्हणाला, तर्री-पोहे मिळत असले तर सांग.

आठ पाचचं काय झालं

हा या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग, आणि तो पाहायला मी मुद्दाम विमानांच्या नकाशावर लक्ष ठेवून होते. तेच शहर, तोच दिवस, त्याच जातीचं विमान, फक्त दोन तासांचा फरक. आठ पाचचं विमान हललं ८.१४ ला. येणारं विमान थोडं उशिरा आलं होतं. संभाजीनगरपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर घाटाच्या अलीकडे नकाशावरची रेघ वळली आणि स्वतःवरूनच फिरू लागली. एक, दोन, तीन, चार. मग सरळ झाली, पुन्हा थोडी आडवीतिडवी गेली आणि उतरली. जागेवर थांबलं १०.१२ ला.

जागेवरून जागेवर ११८ मिनिटं. पहिल्याला ८९. त्याच ६८३ किलोमीटरसाठी २९ मिनिटांचा फरक, आणि अंतरात मात्र कणाचाही बदल नाही. १०.१२ ला दादाचीच सकाळची चाल जोडली, म्हणजे विमान थांबल्यापासून बीकेसीपर्यंत ४९ मिनिटं, तर तो ११.०१ ला पोचला असता. म्हणजे बैठक हुकली नसतीच. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो अर्थातच म्हणाला, "मग कशाला उठवलं बे पहाटे?"

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पहाटेच्या विमानाने त्याची दोन तासांची झोप घेतली आणि बदल्यात तीन तासांची मोकळीक दिली, त्यातली अडीच तासांची लागली नाही. पण २९ मिनिटं मोकळीक हातात ठेवून मोठ्या ऑर्डरच्या बैठकीला जायचं, आणि तेही मुंबईच्या सकाळच्या धावपट्टीच्या मर्जीवर, हे मी आमच्या ऑफिसातल्या कुणालाही करू दिलं नसतं. चारऐवजी बारा फेरे झाले असते तर? मंत्रालयाने सांगितलेली ४० मिनिटं काही कुणाच्या कल्पनेतली नव्हती. जिथे उशिराची किंमत मोठी, तिथे सरासरी वेळ पाहायची नसते, वाईट दिवसाची वेळ पाहायची असते. बैठक दुपारी दोनला असती तर मी स्वतःच त्याला आठ पाचचं काढून दिलं असतं.

परतीचा प्रवास

बैठक साडेतीनला संपली. परतीचं विमान रात्री ८.२५ चं. संध्याकाळी पाच ते आठमधली विमानं मी टाळली होती. ती टाळून जे मिळालं त्याचं विमान दुसरीकडून येणार होतं, आणि ते उशिरा आलं. मुंबईतून मागे ढकललं गेलं ९.०५ ला. म्हणजे आम्ही एक गर्दी चुकवली आणि बरोब्बर दुसरीच्या तोंडाशी जाऊन पोचलो. रांगेत पुढेमागे सरकत ९.३१ ला उड्डाण. हलल्यापासून चाकं उचलेपर्यंत २६ मिनिटं. सकाळी नागपुरात याच कामाला दहा लागली होती.

नागपूर पूर्वेला, पण विमान उडालं पश्चिमेकडे तोंड करून, कारण पट्टी आणि वारा यांची तीच दिशा. जुहूवरून समुद्रात, मग वळून पुन्हा मुंबई ओलांडून पूर्वेकडे. दादाने खिडकीतून शहराचे दिवे दोनदा पाहिले. हा वळसा जमेस धरूनही, पाठीवरच्या वाऱ्यामुळे हवेत ६२ मिनिटंच लागली. सोनेगावला चाकं टेकली १०.३३ ला, विमान थांबलं १०.४० ला. रात्री नागपुरात रांगच नाही, त्यामुळे सात मिनिटांत काम झालं.

गंमत अशी की जागेवरून जागेवरचा वेळ परतीलाही भरला ९५ मिनिटं, तिकिटावर होता तसाच. प्रवासाने एक मिनिटही जास्त घेतलं नाही. चाळीस मिनिटांचा उशीर सगळाच्या सगळा विमान येण्याआधीचा. वाटेतला उशीर आणि विमानच उशिरा आल्याचा उशीर, प्रवाशाला दोन्ही सारखेच वाटतात, पण पुढचं तिकीट काढताना फरक कळायला हवा. पहिल्या प्रकारच्या उशिराला दिवसाची वेळ बदलून उतारा मिळतो, दुसऱ्या प्रकाराला ते विमान दिवसभर कुठे कुठे फिरून येतं ते पाहावं लागतं. मुंबईच्या विमानतळावर दादाने विचारलं होतं की चाळीस मिनिटं उशीर आहे, तर कंपनी खायला देते का. नियमाने नाही. खाण्यापिण्याची जबाबदारी किती उशिरानंतर येते हेही ब्लॉक टाइमवरच ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांचा उशीर व्हावा लागतो. त्याने स्वतःच्या पैशाने वडापाव घेतला आणि त्याची किंमतही मला वेळेसोबत टाकली. ती इथे लिहीत नाही, पण त्या पैशात सीताबर्डीवर चौघांचा नाश्ता झाला असता.

घरी पोचला ११.१५ ला. सकाळी ४.३५ पासून धरले तर १८ तास ४० मिनिटं. त्यात हवेत दोन्ही वेळचे मिळून २ तास ९ मिनिटं.

हिशेबातून काय उरलं

दादाने नंतर त्या सगळ्या वेळा कारखान्यातल्या वहीत उतरवल्या आणि माझ्याशी एका मुद्द्यावर वाद घातला. त्याचं म्हणणं, विमानतळावर तासभर आधी जाणं हा वाया गेलेला वेळ नव्हे, तो प्रवासात धरू नये, कारण तो तिथे बसून फोनवर काम करत होता. माझं म्हणणं, धरावा. काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, गेट पंचवीस मिनिटं आधी, तिथे बसून तू फोन केलेस की झोपलास हा वेगळा हिशेब. पण याच न्यायाने दुरांतोतल्या रात्रीच्या साडेअकरा तासांतले झोपेचे सात वजा करावे लागतील, आणि मग ८३७ किलोमीटरची रेल्वे जागेपणाच्या तासांत विमानाच्या बरोबरीला येते. हे म्हटल्यावर तो थोडा गप्प झाला.

कारण फेब्रुवारीत त्याला पुन्हा बोलावलंय. यावेळी दहाला, आणि बीकेसीत नाही, फोर्टात. सहा दहाच्या विमानाने मेट्रो धरून तोही नऊ-सव्वानऊपर्यंत पोचेल, पण मध्ये काही बिनसलं तर सावरायला जागा फार नाही. दुरांतो सीएसएमटीलाच उतरवते, तिथून फोर्ट चालत दहा मिनिटं. जाताना रेल्वे, येताना विमान असं ठरलं आहे. एसी थ्री टियर, साइड अप्पर मिळाला आहे. उंची सहा फूट असल्यामुळे त्याबद्दलही मला ऐकून घ्यावं लागलंच.